आधीचा पश्चात्ताप

“माझ्यामुळं गेली हो ती!” मेहरूणच्या एखाद्या ओट्यावर म्हातारा असं बोलतो, तेव्हा मला राम गणेश गडकऱ्यांचा सुधाकर आठवतो. गडकरी २३ जानेवारी १९१९ रोजी वारले. त्याच वर्षी गंधर्व नाटक मंडळीनं ‘एकच प्याला’ रंगभूमीवर आणलं. बालगंधर्व सिंधू, गणपतराव बोडस सुधाकर.

दारूच्या धुंदीत सुधाकराच्या हातून तान्हं मूल जातं, सिंधूला जीवघेणी जखम होते. मरतामरता ती फौजदारापुढं नवऱ्यालाच वाचविते. मग तो रडतो, विष घेतो. प्रेक्षक इथं डोळे पुसतात, ते साहजिकच आहे.

पण श्रोतेहो, सुधाकराला पश्चात्ताप आधीही झाला होता, सिंधू जिवंत असताना! दारू सोडून तो काम मागायला गेला. तिथं अपमान झाला, अन् पुन्हा प्याला हाती आला. पहिला प्यालाही कोर्टातल्या अपमानापायीच. त्या पश्चात्तापात सिंधूच्या हालांपेक्षा स्वतःच्या गेलेल्या मानाचंच दुःख अधिक असावं, असं मला वाटतं. वकिलाची बायको घरी लोकांचं दळण दळीत होती.