आधी माती उचला, मग दगड फोडा

एप्रिल-मे महिन्यात मराठवाड्यातल्या मानवतच्या शिवारात काळ्या रानात उभे राहा. भेगा एवढ्या रुंद पडलेल्या असतात की हात मनगटापर्यंत सहज आत जातो. वरची भुसभुशीत माती वाऱ्याने, गुरांच्या पायांनी त्या भेगांत ओघळत राहते. मृगाचा पाऊस झाला की चिकणमाती पाणी पिऊन फुगते, भेगा मिटतात आणि आत पडलेल्या मातीमुळे जागा न उरल्याने खालचा थर वर रेटला जातो. दरवर्षी थोडी थोडी करत ही जमीन स्वतःच स्वतःला उलथत असते. तिची ही नांगरट माणसाने नांगर धरण्याच्या कितीतरी आधीपासून चालू आहे!

ही माती आली कुठून, हे पाहायचे तर दगडखाणीच्या उभ्या भिंतीसमोर जावे. वर हात-दोन हात माती, माळावर तर वीतभरच. तिच्याखाली चुनखडीचे खडे, मग मुरूम, मग हाताने फुटणारा मऊ खडक आणि तळाशी सुरुंगाशिवाय न हलणारा काळा पाषाण. मधल्या थरात दगडाचे गोळे दिसतात. कांद्याच्या पाकळ्या निघाव्यात तसे त्यांचे पापुद्रे सुटतात. हा पाषाण सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाचा. आजही त्याने जवळजवळ 5 लाख चौरस किलोमीटर मुलूख व्यापला आहे. तळचा दगड आणि वरची काळी माती एकाच कुळातली. मधे आहे तो फक्त ऊन, पाऊस, मुळे आणि काळ. दोन-तीन सेंटीमीटर माती तयार व्हायला हजार वर्षेही लागू शकतात, असे जागतिक अन्न व कृषी संघटना सांगते.

दगड आपल्याला हवाच. घराचा स्लॅब, विहिरीचे बांधकाम, मानवतवरून परभणीकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग 61, मनमाडकडे जाणारी रेल्वे, सगळे खडीवर उभे आहे. दगड खाली शेकडो फूट आहे. माती मात्र तेवढीच, आणि खाणीत पहिला घाव तिच्यावरच पडतो.

हिशेब करून पाहू. एक एकर म्हणजे 43,560 चौरस फूट. त्यावरची फूटभर माती म्हणजे सुमारे 435 ब्रास. उकरली की ती फुगते, म्हणजे ढीग आणखी मोठा. दोन मीटर उंचीने रचली तर आठ-दहा गुंठे जागा लागेल. ही जागा पहिल्या दिवशीच नकाशावर राखलेली नसेल, तर ती माती मुरमाच्या ढिगाऱ्यात मिसळते आणि कायमची गेली.

ढीग दोन-तीन मीटरपेक्षा उंच का नको? कारण माती जिवंत असते. चिमूटभर मातीत कोट्यवधी जिवाणू असतात, मुळांना स्फुरद मिळवून देणारी बुरशी असते, गवताचे बी निजलेले असते. उंच ढिगाच्या पोटात हवा पोहोचत नाही आणि हे सारे गुदमरते. माती उचलायचीही कोरडी असतानाच, पावसाआधी. काळी माती ओली असताना यंत्राखाली आली की तिची छिद्रे दाबून बंद होतात. वरची माती वेगळी, खालची चुनखडीची वेगळी रचायची. ढिगावर ताग, धैंचा किंवा मारवेल गवत पेरायचे, म्हणजे ती धुपत नाही आणि जिवंतही राहते.

परत भरताना क्रम उलटा: तळ खोल फोडून घ्यायचा, त्यावर निरुपयोगी दगड, मग मुरूम, मग खालची माती आणि शेवटी वरची काळी. एका भागातला दगड संपला की तो लगेच भरायला घ्यायचा. ताजी उचललेली माती थेट तिथे पसरली तर ढिगाची गरजच उरत नाही. एका कोपऱ्यात उतरत्या काठाचे, कुंपण घातलेले तळे ठेवता येते. उभ्या कड्याचा, पाण्याने भरलेला खड्डा तसाच सोडणे म्हणजे पोहायला उतरणाऱ्या पोरांच्या जिवाशी खेळ.

माती गेलेलीच असेल तर? नागपूर जिल्ह्यातल्या गुमगावला मँगनीज खाणीच्या उजाड ढिगाऱ्यांवर ‘नीरी’ या संस्थेच्या शास्त्रज्ञांनी साखर कारखान्यातली प्रेसमड घातली, रोपांच्या मुळांना उपयुक्त बुरशी व जिवाणू लावले आणि तिथे झाडी उभी केली. केनियात मोम्बासाजवळ सिमेंटसाठी खणलेल्या चुनखडकाच्या खाणीत रेने हॅलर यांनी 1971 पासून सुरूची झाडे लावली. त्यांची गळलेली पाने कुजेनात. तेव्हा त्यांनी तिथे वाणी आणून सोडले! सोयाबीनची कोवळी रोपे कुरतडणारा म्हणून आपला शेतकरी ज्याला ओळखतो, त्याच जातकुळीचा हा किडा. त्याने ती पाने खाऊन त्यांचे खत केले आणि नागड्या खडकावर माती धरू लागली. आज तिथे जंगल आहे.

कायदाही याच दिशेने आला आहे. 27 फेब्रुवारी 2012 रोजी सर्वोच्च न्यायालयाने पाच हेक्टरपेक्षा लहान गौण खनिज पट्ट्यांनाही पर्यावरण मंजुरी बंधनकारक केली. 8 जानेवारी 2020 रोजी त्याच न्यायालयाने खाणकाम संपल्यावर ती जमीन पुन्हा गवताखाली आणण्याची अट घालायला केंद्राला सांगितले.

मातीचे मोल मराठवाड्याला शिकवावे लागत नाही. तलावातला गाळ आणून बरड रानात पसरण्यासाठी इथला शेतकरी पदरचे पैसे मोजतो. तोच चोखंदळपणा खाणीच्या कागदावर दिसला पाहिजे. तुमच्या गावात कुणी खाणीसाठी जमीन देत असेल, तर दर ठरवण्याआधी तीन प्रश्न विचारा: वरची माती कुठे ठेवणार, तिच्यावर काय पेरणार, आणि ती परत कधी पसरणार? उत्तरे करारात लिहून घ्या. सही त्यानंतर करा.