वाळवीचा आहार : मरुभूमीत आणि धानाच्या बांधीत

लाखांदूर तालुक्यात, वैनगंगा आणि चुलबंद यांच्या खोऱ्यात, धानाची कापणी आटोपली की धुऱ्यांवरील वारुळे नजरेत भरतात. वारूळ म्हटले की नागोबा आठवतो. ते उभारते मात्र वाळवी. शेतात राहिलेली धसकटे, तणस, गळालेली पाने, सुकलेले शेण हे तिचे अन्न. हिरव्यापेक्षा वाळलेले तिला अधिक रुचते.

परंतु वाळलेले लाकूड पचविणे सोपे नाही. वारुळे रचणाऱ्या आपल्याकडील जातींनी त्यावर विलक्षण तोड काढली आहे. कामकरी वाळवी अर्धवट पचलेला चोथा वारुळात आणून त्याची स्पंजासारखी सच्छिद्र पोळी रचते. तिच्यावर टर्मिटोमायसिस ही बुरशी वाढते, लाकडातील चिवट अंश मऊ करते, आणि मग ती जुनी पोळी वाळवीचेच अन्न होते. ही एक प्रकारची शेतीच! सैनिकांना व पिल्लांना स्वतः खाता येत नाही. कामकरी त्यांना तोंडाने भरवितात. पावसाळ्यात वारुळाजवळ उगवणाऱ्या सात्या ही याच बुरशीची छत्रे होत.

थरच्या वाळवंटात तर तिचे महत्त्व अधिकच. ओलाव्यावाचून गांडूळ तेथे टिकत नाही. त्यामुळे पालापाचोळा मातीत मिसळण्याचे बरेचसे काम वाळवीकडे येते. तिचे अंग नाजूक, ऊन सोसत नाही. म्हणून ती गवताच्या काडीवर ओल्या मातीचा पापुद्रा चढविते आणि त्याच्या आडोशाने काडी कुरतडते. काही जाती वाळलेले गवत कापून बिळात साठवितात. दुष्काळात मात्र तीच काडी गुरांनाही हवी असते, आणि तेथे वाळवी शेतकऱ्याची वैरीण ठरते. 1959 पासून जोधपूरची 'काझरी' संस्था अशा कोरडवाहू प्रदेशातील शेतीचा अभ्यास करीत आहे.

जैन जीवविचारात उधई, म्हणजेच वाळवी, त्रीन्द्रिय जीवांत गणली आहे : स्पर्श, रस आणि घ्राण. कामकरी वाळवीला बहुधा डोळे नसतात, हे कीटकशास्त्रही सांगते. जुन्या पोथ्या आणि खतावण्या तिनेच फस्त केल्या, हेही तितकेच खरे; कागद तिच्या लेखी वाळलेले लाकूडच.

मग वारूळ दिसताच विष ओतावे काय? पाण्याचा ताण पडलेले पीक तिला लवकर बळी पडते. कच्चे शेणखत तिला शेतात बोलाविते. पूर्ण कुजलेले खत, वेळेवर पाणी आणि घरात जमिनीपासून वर, भिंतीपासून दूर ठेवलेली कपाटे यांनी बरीच हानी टळते. धुऱ्यावरचे जे वारूळ पिकाला उपद्रव देत नाही, ते तसेच राहू द्यावे. झाडीपट्टीतील अस्वलाचाही त्यावर डोळा असतो.