कलादालनाचा व्यवसाय आणि दाम्पत्याची भागीदारी : ‘गॅलरी केमोल्ड’ व चंद्रपूर-गडचिरोलीतील कारागीर

प्रस्तावना :
चंद्रपूर व गडचिरोली या वनजिल्ह्यांत बांबूकाम आणि लाकडावरील कोरीवकाम यांची परंपरा जुनी आहे. बुरूड कुटुंबात तयार होणाऱ्या सूप-टोपलीमागे बहुधा पती व पत्नी या दोघांचेही श्रम असतात. मात्र ती वस्तू बाजारात येते तेव्हा तिच्यावर कोणाचेच नाव नसते. हस्तनिर्मित वस्तूला कर्त्याचे नाव व योग्य मोल कसे प्राप्त होते, हा प्रश्न म्हणूनच या भागात केवळ सौंदर्यशास्त्राचा नसून उपजीविकेचाही ठरतो. केकू व खोर्शेद गांधी या दाम्पत्याने मुंबईत चालविलेल्या ‘गॅलरी केमोल्ड’च्या आधारे या प्रश्नाचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

चौकटीपासून दालनापर्यंत :
केकू गांधी (१९२०-२०१२) यांचे शिक्षण केंब्रिज येथे झाले. दुसऱ्या महायुद्धामुळे त्यांना इंग्लंडला परतता आले नाही. १९४१ मध्ये त्यांनी मुंबईत चित्रांच्या चौकटी तयार करण्याचा उद्योग सुरू केला. ‘केमोल्ड’ हे नाव मूळचे या उद्योगाचे होय. चौकटींच्या निमित्ताने चित्रकारांशी संबंध जुळले आणि के. एच. आरा यांच्यासारख्या चित्रकारांची चित्रे दुकानाच्या दर्शनी भागात मांडली जाऊ लागली. १९५२ मध्ये जहांगीर कलादालन सुरू झाले. १९६३ मध्ये त्याच इमारतीच्या पहिल्या मजल्यावर या दाम्पत्याने ‘गॅलरी केमोल्ड’ उघडली.

या दोन दालनांच्या कार्यपद्धतीतील भेद येथे लक्षात घेतला पाहिजे. पहिल्या प्रकारात कलावंत ठरावीक दिवसांसाठी भाडे देऊन जागा घेतो. दुसऱ्या प्रकारात दालन स्वतः कलावंताची निवड करते, त्याचे काम वर्षानुवर्षे ग्राहकांपुढे ठेवते आणि विक्री झाल्यावर आपला हिस्सा घेते. साहजिकच कलावंताचे नाव रुजविण्यात दालनाचे स्वतःचे हित गुंतलेले असते.

श्रमविभागणी व श्रेय :
केकू गांधी यांच्याकडे चौकटींचा उद्योग होता. शिवाय सार्वजनिक कलासंस्थांच्या उभारणीत त्यांचा सहभाग होता. दालनाचा दैनंदिन कारभार, चित्रकारांशी व ग्राहकांशी असलेले संबंध यांचा मोठा भार खोर्शेद गांधी यांनी वाहिला. १९८८ पासून कन्या शिरीन गांधी यांनी सूत्रे सांभाळली आणि २००७ मध्ये दालन प्रेस्कॉट रोड येथे गेले. केकू यांना २००९ मध्ये पद्मश्री मिळाली. खोर्शेद २०१३ मध्ये निवर्तल्या. व्यवसाय दोघांचा असला तरी सार्वजनिक श्रेय मुख्यतः एकाच्या नावे जमा होते, असे यावरून दिसून येते.

वारली चित्रांचा दाखला :
याच दालनात १९७५ मध्ये डहाणू तालुक्यातील जिव्या सोमा मशे यांच्या वारली चित्रांचे प्रदर्शन भरले. चित्रकार भास्कर कुलकर्णी यांनी त्यांच्या कामाकडे आधीच लक्ष वेधले होते. कुडाच्या भिंतीवरील चित्र कागदावर आले आणि त्याला कर्त्याचे नाव लाभले. मशे यांना २०११ मध्ये पद्मश्री प्राप्त झाली. तथापि, लग्नप्रसंगी भिंतीवर चौक लिहिण्याचे काम परंपरेने सवाशिणींचे होते. कला बाजारात आली तेव्हा ठळक झाले ते पुरुष कलावंताचे नाव. पिढ्यान्‌पिढ्या चौक लिहिणाऱ्या स्त्रिया मात्र अनामिकच राहिल्या. दालन नाव मिळवून देते, पण कोणाचे नाव लिहायचे हा निर्णय माणसांनाच घ्यावा लागतो.

निष्कर्ष :
चंद्रपूर जिल्ह्यात चिचपल्ली येथे बांबू संशोधन व प्रशिक्षण केंद्र आहे. प्रशिक्षणाने कौशल्य वाढते. परंतु कर्त्याची ओळख व रास्त किंमत यांसाठी वेगळी व्यवस्था लागते. ‘केमोल्ड’चा आरंभ दुकानाच्या दर्शनी काचेतून झाला, ही बाब येथे महत्त्वाची आहे. महाविद्यालयाला त्यासाठी मोठ्या भांडवलाची आवश्यकता नाही. एक खोली, वर्षातून ठरावीक वेळी भरणारे प्रदर्शन आणि एक नोंदवही एवढ्यावर प्रारंभ होऊ शकतो. या वहीत वस्तू, तिला लागलेले दिवस, सामग्रीचा खर्च, विक्रीची किंमत आणि कारागिराच्या हाती आलेली रक्कम यांची नोंद असावी. वाणिज्य विभागाने हिशेब, समाजशास्त्र विभागाने कुटुंबातील श्रमविभागणी आणि मराठी विभागाने वस्तूंची स्थानिक नावे नोंदविल्यास अध्यापनासही उपयुक्त सामग्री हाती येईल. मात्र जेथे वस्तू दोघांनी घडविली आहे तेथे पती व पत्नी या दोघांचीही नावे पहिल्या नोंदीपासूनच लिहिली गेली पाहिजेत. मागाहून श्रेय शोधणे किती कठीण असते, हे वारली चौक लिहिणाऱ्या सवाशिणींच्या उदाहरणावरून स्पष्ट होते.