भार पिनेवर हवा

टू-व्हीलर गॅरेजमधलं निम्मं काम गुडघ्याच्या खाली चालतं. ऑइलचा ड्रेन बोल्ट जमिनीपासून वीतभर उंचीवर, चेन आणि मागचे ब्रेक-शू त्याहून जरासे वर. म्हणून मेकॅनिक दिवसभर उकिडवा बसतो, नाहीतर ऑइलचा रिकामा डबा पालथा घालून त्यावर बसतो. ही बैठक आपल्याकडे इतकी अंगवळणी पडली आहे की तिला कुणी अडचण मानत नाही. पण पंधरा-वीस वर्षं असं बसून काम केलेल्या माणसाला उठताना शेजारच्या गाडीची सीट धरावी लागते, आणि कसबी हात ऐन उमेदीत मंदावतात ते गुडघ्या-कमरेमुळे. म्हणून माणसाने गाडीपाशी वाकण्यापेक्षा गाडीच माणसाच्या हाताशी आणावी, ही खटपट मोलाची आहे. भंगारातल्या चॅनेलचं आणि साध्या जॅकचं घरगुती लिफ्ट-टेबल हे काम नक्की करतं. मात्र बनवणाऱ्याचं लक्ष बहुतेकदा गाडी वर कशी जाईल याकडे असतं, आणि खरा प्रश्न ती वर कशी राहील हा आहे.

रचना बघायला सोपी आहे. खाली एक चौकट, वर दोनेक मीटर लांबीचं टेबल, आणि दोघांना जोडणारे सारख्या लांबीचे चार हात. समोरासमोरच्या बाजू समान असल्यामुळे हात कितीही उभे झाले तरी टेबल जमिनीला समांतर राहतं. हे ‘समान’ मात्र शब्दशः पाळावं लागतं. चार हातांची भोकं वेगवेगळी पाडली आणि एकात दोन मिलिमीटरचा जरी फरक पडला, तरी टेबल वर जाताना अडतं आणि पीळ खातं. जाणता फॅब्रिकेटर चारही पट्ट्या एकावर एक ठेवून शिकंज्यात आवळतो आणि आरपार एकदाच ड्रिल मारतो. मग मापात थोडी चूक झालीच तर ती चौघांत सारखी होते, आणि सारख्या चुकीने टेबल वाकडं होत नाही. पुण्याच्या नाना पेठेत सुटे भाग मिळतात, कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथपासून वेल्डिंगपर्यंत सगळं जवळजवळ सापडतं. हे एक ड्रिलचं काम मात्र समोर उभं राहून करून घ्यावं.

आता जॅक. बाटली जॅकचा दांडा सुमारे १४ सेंटिमीटर बाहेर येतो आणि टेबल न्यायचं असतं ६३ सेंटिमीटर वर, म्हणजे साडेचार पट. उंची जितक्या पट वाढवली तितक्या पट भार जॅकवर येतो, यातून सुटका नाही. क्लासिक ३५० या मोटरसायकलचं वजन १९५ किलोच्या आसपास, टेबलाचं धरून अडीचशे. म्हणजे जॅकवर सरासरी सव्वाअकराशे किलो. त्यातही बहुतेक रचनांत हात आडवे असताना, सुरुवातीलाच जोर सगळ्यात जास्त लागतो. म्हणून दोन टनांचा जॅक कागदावर पुरतो आणि प्रत्यक्षात पहिल्या वितीलाच कुंथतो. पाच टनांचा घ्यावा, आणि टेबल अगदी जमिनीला टेकवण्याचा हट्ट सोडून गाडी चढवायला उताराची फळी लावावी.

जॅक कितीही मोठा घेतला तरी तो गाडी उचलायला आहे, धरून ठेवायला नाही. त्याच्या पोटातल्या तेलाला अडवून धरते ती एक सीलची कड आणि एक छोटी झडप. जोसेफ ब्रामाने १७९५ साली हायड्रॉलिक प्रेसचं पेटंट घेतलं तेव्हाही अडचण दट्ट्याभोवतीच्या गळतीचीच होती. त्याच्याकडे काम करणाऱ्या हेन्री मॉड्स्लेने चामड्याची अशी कड बसवली की दाब वाढेल तशी ती आणखी घट्ट बसे. रॉकेलच्या स्टोव्हच्या पंपातला चामड्याचा वायसर त्याच जातीचा. तो वायसर सुकला की पंप मारूनही हवा भरत नसे, हे घरोघरी ठाऊक होतं. जॅकचं सीलही झिजतं, झडपेत कचरा अडकतो, आणि मग टेबल कधी सावकाश, कधी एकदम खाली येतं. याउलट टेबल वर अडवून धरणारी साध्या लोखंडाची १६ मिलिमीटरची पिन भोकात नीट बसली असेल, तर तिला कातरायला तीन टनांहून जास्त जोर लागतो. तिला सील नाही, तेल नाही, झडप नाही. सगळ्या यंत्रात सगळ्यात स्वस्त भाग हाच आणि भरवशाचाही हाच.

तयार लिफ्ट बाजारात मिळत असताना हा खटाटोप का, असं कुणी विचारेल. परवडत असेल तर तयार लिफ्टच घ्यावी. पण एका शटरच्या गाळ्यात जागा इंचाने मोजली जाते, आणि तिथे मापानुसार बनवलेलं टेबलच बसतं. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: कारखान्यातली लिफ्ट तपासून येते, घरगुती लिफ्ट कोण तपासणार? उत्तर एकच, बनवणाऱ्याने. सिमेंटच्या ८ गोण्या म्हणजे ४०० किलो. त्या टेबलावर रचून, पिन लावून रात्रभर ठेवाव्यात. सकाळी टेप लावून उंची मोजावी आणि प्रत्येक वेल्डिंगच्या सांध्यावर चीर शोधावी. हे न केलेलं टेबल वापरायला काढू नये.

उलटण्याचा धोकाही खराच आहे. टेबल वर गेल्यावर गाडीचा गुरुत्वमध्य जमिनीपासून सव्वा मीटरच्या आसपास पोचतो. तळ ६० सेंटिमीटर रुंद असेल तर चौदा-एक अंशांच्या कलातच सगळं आडवं होतं, आणि अडकलेला अ‍ॅक्सल सोडवताना पान्याला दिलेला हिसका थोडाथोडका नसतो. तेव्हा चौकट कोबा फोडून अँकर बोल्टने फरशीखालच्या काँक्रीटला जखडावी, पुढचं चाक शिकंज्यात धरावं आणि दोन्ही बाजूंनी पट्टे आवळावेत. गाडी वर गेली की पिन घाला, मग जॅकचा दाब सोडून भार पिनेवर बसू द्या, आणि त्यानंतरच गाडीखाली हात घाला.