ऐकू येतं, पण कळत नाही

आजोबांना ऐकू कमी येऊ लागलं की घरचे आवाज चढवून बोलतात आणि आजोबा चिडतात, "ओरडू नकोस, मला ऐकू येतंय!" हा हट्ट नव्हे. त्यांचं म्हणणं बरंचसं खरं असतं. ऐकू कमी येणं म्हणजे आवाज बारीक होणं, ही समजूतच अपुरी आहे आणि कानाच्या मशीनबद्दलचे बहुतेक गैरसमज तिच्यातूनच निघतात. आंतरकर्णातल्या शंखाकृती नळीत जन्मतः सुमारे 15 हजार केशपेशी असतात. वयाने किंवा गोंगाटाने त्या मेल्या, तर माणसात पुन्हा उगवत नाहीत. त्यातही उंच पट्टीचे आवाज टिपणाऱ्या पेशी सहसा आधी जातात. बोलण्यातले स्वर खालच्या पट्टीतले, जोरकस असतात. स, श, त, फ ही व्यंजनं उंच पट्टीतली आणि क्षीण. म्हणून 'साप', 'शाप', 'ताप' यांतला 'आ' नीट पोचतो, पहिलं अक्षर हरवतं. शांत खोलीत संदर्भावरून भागतं, लग्नाच्या मांडवात भागत नाही. ओरडल्याने मुख्यतः स्वरच वाढतात. शिवाय अशा कानाला हळू आवाज पोचत नसला, तरी मोठा आवाज इतरांइतकाच, कधी जास्तच, बोचतो.

म्हणूनच 'चष्म्यासारखं मशीन लावलं की झालं' हे खरं नाही. चष्मा लागतो तेव्हा डोळ्याचा पडदा बहुधा शाबूत असतो. इथे बिघाड जणू त्या पडद्यातच, म्हणजे केशपेशींत आहे. कोणत्या पट्टीला किती वाढ द्यायची, मोठा आवाज कुठे अडवायचा, हे ऑडिओलॉजिस्ट, म्हणजे श्रवणतज्ज्ञ, ऑडिओग्राम या श्रवणचाचणीच्या आलेखावरून ठरवतो. मग कानात बारीक नळी घालून मशीनचा आवाज कानाच्या पडद्यापाशी किती पोचतो ते मोजतो. पुढचे आठवडे मेंदूला नव्या आवाजांची सवय होईपर्यंत जुळवणी चालू राहते. मशीन न वापरता कपाटात पडतं, ते बऱ्याचदा हा शेवटचा भाग वगळल्यामुळे.

यावर आक्षेप येतो की अमेरिकेत 2022 पासून श्रवणयंत्रं तपासणीशिवाय दुकानात मिळतात. मिळतात, पण फक्त प्रौढांना आणि सौम्य ते मध्यम दोषासाठी. मुलांसाठी ती सोय नाही. मळ किंवा वाहता कान हे आधी डॉक्टरांचं काम आहे. एका कानाने अचानक ऐकू येईनासं झालं, तर त्याच दिवशी दाखवावं. तिथे उशीर महागात पडतो.

'अजून चालतंय, पुढे बघू' हा दुसरा आक्षेप. त्याला उत्तर म्हणून मशीनने स्मृतिभ्रंश टळतो, असं काही जाहिराती सुचवतात. पुरावा इतका सरळ नाही. 2023 मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाने छापलेल्या अमेरिकी चाचणीत 70 ते 84 वयाच्या 977 जणांना तीन वर्षं पाहिलं. सगळे मिळून पाहता मशीनमुळे फरक दिसला नाही. ज्यांना धोका मुळातच जास्त होता, त्या गटात मात्र बौद्धिक घसरण 48 टक्क्यांनी कमी आढळली. माझ्या मते त्यातली सर्वात बोलकी बाब वेगळीच आहे. मशीन मिळालेल्यांना नुसतं मशीन दिलेलं नव्हतं. ऑडिओलॉजिस्टचं समुपदेशन आणि पाठपुरावा त्याच उपचाराचा भाग होता.

तेव्हा मशीन घेताना किंमत आणि आकार यांच्याआधी दोन प्रश्न विचारावेत: जुळवणी करणाऱ्याची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी आहे का, आणि नंतरच्या किती भेटी या किमतीत धरल्या आहेत?