जमीन आपली, पाइपलाइन कंपनीची: २१ दिवसांत काय करायचे?

भोकरदन तालुक्यातील केदारखेड्याचा वेल्डिंगवाला असो की जालन्याचा भंगार व्यापारी, धंद्याला लागणारे डिझेल कोठून येते असे विचारले तर तो पंपाचे नाव सांगेल. पंपवाला पानेवाडीचे नाव सांगेल. मनमाडजवळच्या पानेवाडी येथील तेल कंपन्यांच्या डेपोंतून मराठवाड्यातील अनेक पंपांचे टँकर भरले जातात. जानेवारी २०२४ च्या पहिल्या दोन दिवसांत टँकरचालकांनी तेथे काम बंद केले, तेव्हा पंपांवर लागलेल्या रांगा वाचकांना आठवत असतील. पण पानेवाडीपर्यंत हे तेल येते कसे? ते मुंबईहून जमिनीखालून येते, कित्येक खातेदारांच्या शेताखालून. भारत पेट्रोलियमची ही मुंबई-मनमाड पाइपलाइन नंतर इंदूरजवळच्या मांगल्यापर्यंत आणि पुढे दिल्लीच्या बिजवासनपर्यंत वाढविण्यात आली.

ग्राहक म्हणून आपण सगळेच पाइपलाइनच्या बाजूचे आहोत. टँकरपेक्षा ती स्वस्त पडते, रस्त्यावरचा धोकाही कमी होतो. जालन्याच्या स्टील कारखान्यांत लोखंड तापविणाऱ्या भट्ट्यांना कोळशाऐवजी गॅस मिळाला तर शहराच्या डोक्यावरचा धूर कमी होईल, हेही खरे. अडचण येते ती पाइपलाइन वाढवायची ठरते आणि आखणीची रेघ आपल्याच गट नंबरवरून जाते तेव्हा. मग त्या गटात गॅरेज असो, लाकडाची वखार असो, की मुलीच्या लग्नासाठी राखून ठेवलेला दोन गुंठ्यांचा तुकडा असो.

याविषयी आपल्या लोकांत दोन गैरसमज आहेत. एक, सरकार जमीन काढून घेते. दुसरा, कोर्टात गेले की काम थांबते. दोन्ही चूक आहेत.

तेल आणि गॅसच्या पाइपलाइनसाठी १९६२ चा केंद्राचा स्वतंत्र कायदा आहे. या कायद्याने जमिनीची मालकी जात नाही, जातो तो जमिनीच्या पोटातून पाइप नेण्यापुरता वापराचा हक्क. सातबाऱ्यावर मालक तोच राहतो, इतर हक्कांत पाइपलाइनची नोंद येते. जमीन विकता येते, वारसांना देता येते, काम संपल्यावर त्यावर पीकही घेता येते. मात्र त्या पट्ट्यात बांधकाम करता येत नाही, विहीर किंवा तळे खोदता येत नाही, झाड लावता येत नाही.

कपाशी-सोयाबीन घेणाऱ्याला यात निभावून नेता येते. आपला कारागीर मात्र येथेच अडकतो. हिशेब करून पाहा. मोठ्या गॅस पाइपलाइनसाठी वीस मीटर रुंदीचा पट्टा घेण्याची पद्धत आहे. शंभर मीटर लांब-रुंद म्हणजे एक हेक्टरच्या शेतातून असा पट्टा गेला तर पाचवा हिस्सा बंधनात येतो, चार हिस्से मोकळे राहतात. दोन गुंठे म्हणजे साधारण दोनशे चौरस मीटर. दहा मीटर रुंद आणि वीस मीटर लांब असा तुकडा त्या पट्ट्यात आला तर तो सगळाच बंधनात जातो. कागदावर मालक तुम्ही, पण त्यावर पत्र्याची शेडसुद्धा उभी करता येणार नाही. शेतजमीन डोळ्यांपुढे ठेवून केलेला हा कायदा रस्त्याकडेच्या प्लॉटवाल्यावर असा भारी पडतो, असे आमचे मत आहे.

त्याच कायद्यात प्लॉटवाल्याला आधार देणारे एक कलम आहे, ते फार थोड्यांना माहीत असते. अधिसूचना निघण्याच्या लगेच आधी जी जमीन राहण्यासाठी वापरात होती, जिच्यावर पक्के बांधकाम उभे होते, किंवा जी राहत्या घराला लागून त्याचाच भाग होती, तिच्याखालून पाइपलाइन नेता येत नाही. इतर जमिनीतही पाइप एक मीटरपेक्षा कमी खोलीवर टाकता येत नाही. म्हणजे पक्के वर्कशॉप आधीपासून असेल तर ते सिद्ध करणारे कागद हीच तुमची ढाल. ग्रामपंचायतीची घरपट्टीची पावती, नमुना आठचा उतारा, वीजबिल, बांधकाम परवानगी, यांपैकी जे असेल ते. अधिसूचना निघाल्यावर घाईने विटा रचून उपयोग नाही. नंतर उभ्या केलेल्या बांधकामाची भरपाईसुद्धा मिळत नाही.

भरपाई दोन प्रकारची असते. पहिली प्रत्यक्ष नुकसानीची. उभे पीक, तोडलेली झाडे, काम चालू असताना जमिनीचे दोन भाग पडल्याने झालेला तोटा, इतर मालमत्तेची हानी, आणि कमाईचे नुकसानही यात धरले जाते. हा कमाईचा मुद्दा व्यापाऱ्याने जरूर मांडावा. दुकानापुढे महिनाभर चर खणलेला असेल आणि गिऱ्हाईक आत येऊ शकत नसेल, तर त्या महिन्याची आणि त्याआधीच्या महिन्यांची वहीच साक्ष देईल. दुसरी भरपाई वापराच्या हक्काची, ती पहिल्या अधिसूचनेच्या दिवशी असलेल्या बाजारभावाच्या दहा टक्के. समजा, दोन गुंठ्यांचा भाव सहा लाख असेल तर साठ हजार. ही रक्कम मालकाबरोबरच ज्या कोणाचा त्या जमिनीच्या उपभोगाचा हक्क बाधित झाला त्यालाही द्यावी असे कायदा म्हणतो. भाड्याच्या जागेत धंदा करणारा यातून आपोआप बाहेर पडत नाही. मात्र त्याच्याकडे भाडेकरार लेखी हवा, आणि आपल्याकडे नेमके तेच नसते.

आता न्यायालयांकडे वळू. दहा टक्के ही थट्टा आहे, असा युक्तिवाद गुजरातमधील जमीनधारकांनी लालजीभाई सावलिया यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या अपिलात केला होता. २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो मानला नाही. मालकी मालकाकडेच राहते आणि बंधन मर्यादित आहे, तेव्हा कायदा वैध आहे, असे न्यायालय म्हणाले. परंतु त्याच निकालात एक गोष्ट जमीनधारकांच्या बाजूची आहे. हरकती ऐकणारा आणि भरपाई ठरविणारा जो सक्षम प्राधिकारी असतो, तो न्यायिक पदावर काम केलेला किंवा कायद्याचे शिक्षण-अनुभव असलेला माणूस असावा, असे न्यायालयाने सांगितले. हा प्रश्न जुना आहे. हिंदुस्तान पेट्रोलियमच्या मुंबई-पुणे पाइपलाइनचा वाद १९९१ साली सर्वोच्च न्यायालयात गेला, त्यातही सुनावणी घेणारा अधिकारी कोण असावा हा मुद्दा होता. ज्याची पाइपलाइन त्याच्याच माणसाने आपली हरकत ऐकायची, ही तक्रार गावागावांत असते. तिला २०१६ च्या निकालाने काही प्रमाणात उत्तर दिले.

राज्य सरकार आपल्या बाजूने उभे राहिले तर? तमिळनाडूत तेही होऊन गेले. गेल कंपनीची कोची-बेंगळुरू-मंगळुरू गॅस पाइपलाइन त्या राज्याच्या सात जिल्ह्यांतून, कोइम्बतूरपासून कृष्णगिरीपर्यंत जाणार होती. शेतकऱ्यांनी विरोध केला. जयललिता सरकारने मार्च २०१३ मध्ये त्यांचे म्हणणे ऐकून घेतले आणि पाइपलाइन शेतांतून नको, महामार्गाच्या कडेने न्या, असे कंपनीला बजावले. कंपनी न्यायालयात गेली. मद्रास उच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०१३ मध्ये राज्याचा आदेश रद्द केला आणि २ फेब्रुवारी २०१६ रोजी सर्वोच्च न्यायालयानेही राज्याची याचिका फेटाळली. हा विषय केंद्राच्या कायद्याचा, राज्याने मार्ग बदलून मागण्याला आधार नाही, असा त्याचा अर्थ. मधल्या काळात २७ जून २०१४ रोजी आंध्रातील पूर्व गोदावरी जिल्ह्यात नगरम येथे गेलच्याच पाइपलाइनचा स्फोट होऊन वीसहून अधिक माणसे गेली होती, त्यामुळे लोकांची भीती निकालाने गेली नाही. कोर्टात जिंकूनही कंपनीचे तमिळनाडूतील काम पुढे कित्येक वर्षे रखडले.

केरळात त्याच पाइपलाइनला वेगळी वाट सापडली. तेथे घरे दाट, जमिनी लहान, अगदी आपल्या प्लॉटवाल्यांसारख्या. कोळिकोड जिल्ह्यातील मुक्कम भागात नोव्हेंबर २०१७ मध्ये आंदोलन पेटले, लाठीमार झाला. राज्य सरकारने पाइपलाइन थांबविली नाही, पण त्याच महिन्यात भरपाई दुप्पट केली. दहा सेंट किंवा त्याहून कमी जागा असणाऱ्यांना पाच लाख रुपये वेगळे देण्याचे आणि त्यांच्या जागेत बंधनाचा पट्टा दोन मीटरपुरता ठेवून घर बांधू देण्याचे ठरविले. दहा सेंट म्हणजे आपले चार गुंठे. कायद्यातील दहा टक्के ही वरची हद्द नव्हे, त्यापुढे सरकार आणि कंपनी जाऊ शकतात, हे यातून दिसते. कोची-मंगळुरू टप्पा ५ जानेवारी २०२१ रोजी सुरू झाला.

तमिळनाडूच्या शेतकऱ्यांची रस्त्याच्या कडेची मागणी व्यवहार्य नाही, असे तेव्हा कंपनीचे म्हणणे होते. आपल्याकडे मात्र गेलने मुंबई-नागपूर गॅस पाइपलाइन बहुतांश समृद्धी महामार्गाच्याच कडेच्या अरुंद पट्टीत नेली. हा महामार्ग जालना जिल्ह्यातही जालना आणि बदनापूर तालुक्यांतून जातो. महामार्गासाठी जमीन आधीच घेतलेली होती, म्हणून पाइपसाठी पुन्हा नव्याने शेकडो गटांत शिरावे लागले नाही. जुन्या रस्त्यांच्या कडेला वळणे, पूल, दुकाने असतात, तेथे हे इतके सोपे नाही हे मान्य. तरी पुढे या भागात कोणतीही फाटा-पाइपलाइन येणार असेल तर जिल्ह्यातील व्यापारी संघटनांनी समृद्धीचा दाखला पुढे ठेवून रस्त्याकडेची आखणी आधी मागावी. आखणी पक्की झाल्यावर ही मागणी करणे म्हणजे तमिळनाडूची गोष्ट पुन्हा करणे होय.

परदेशात काय घडते याची उत्सुकता असणाऱ्यांसाठी कॅनडाचे उदाहरण थोडक्यात. १९५३ पासून चालू असलेली ट्रान्स माउंटन तेल पाइपलाइन दुप्पट-तिप्पट करायची ठरली, दिवसाला तीन लाख पिंपांवरून आठ लाख नव्वद हजार पिंपांवर. ऑगस्ट २०१८ मध्ये तेथील केंद्रीय अपील न्यायालयाने मंजुरीच रद्द केली. कारणे दोन: मार्गावरील आदिवासी समाजांचे म्हणणे सरकारने नुसते लिहून घेतले, त्यावर विचार केला नाही, आणि समुद्रातील वाढत्या तेलजहाजांचा परिणाम तपासलाच नाही. सरकारने पुन्हा चर्चा केली, जून २०१९ मध्ये पुन्हा मंजुरी दिली, आणि फेब्रुवारी २०२० मध्ये तीच न्यायालये म्हणाली, आता ठीक आहे. ब्रिटिश कोलंबिया या प्रांताने स्वतःचा नियम करून तेल अडविण्याचा प्रयत्न केला, तो जानेवारी २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयात टिकला नाही, तमिळनाडूप्रमाणेच. १ मे २०२४ रोजी वाढीव पाइपलाइन सुरू झाली. दरम्यान सरकारला ती कंपनीकडून साडेचार अब्ज डॉलरला विकत घ्यावी लागली आणि एकूण खर्च चौतीस अब्ज कॅनेडियन डॉलरच्या घरात गेला. उशिराचा भुर्दंड शेवटी तेथील करदात्यावर पडला.

दोन्ही देशांतील न्यायालये पाइपलाइन कायमची अडवीत नाहीत, पण सुनावणी देखाव्याची असेल तर ती खपवूनही घेत नाहीत. म्हणून आपल्या हाती जे आहे ते सुनावणीत आहे, आणि ती मागण्याची मुदत २१ दिवसांची आहे. पहिली अधिसूचना राजपत्रात निघते, तिच्यात गावाचे नाव, गट नंबर आणि क्षेत्र असते. जमिनीत हितसंबंध असलेल्या कोणालाही त्या मुदतीत लेखी हरकत देता येते. स्वतः किंवा वकिलामार्फत म्हणणे मांडण्याची संधी देणे प्राधिकाऱ्यावर बंधनकारक आहे. तोंडी हरकत, मोर्चात दिलेले निवेदन किंवा आमदारांना दिलेला अर्ज हे सारे या हिशेबात धरले जात नाही.

आपल्या घरांत मोठी अडचण वेगळीच असते. सातबारा आजोबांच्या नावावर, आजोबा जाऊन वीस वर्षे झालेली, चार भाऊ आणि तीन बहिणींचे हिस्से कधी नोंदलेच नाहीत. बहिणींनी हिस्सा सोडला असे नुसते तोंडी ठरलेले. कोठे तर प्लॉट स्टँप पेपरवर घेतलेला, खरेदीखत झालेलेच नाही. अशा वेळी नोटीस मृताच्या नावाने निघते, भरपाईचा धनादेश अडकतो आणि भाऊ-भाऊ एकमेकांकडे संशयाने पाहू लागतात. वारस नोंदीचा अर्ज तलाठ्याकडे देण्यासाठी पाइपलाइनची वाट पाहण्याचे कारण नाही. मृत्यूचा दाखला आणि वारसांचे प्रतिज्ञापत्र एवढ्यावर ते काम सुरू होते. बहिणींची नावे त्यात असलीच पाहिजेत. हिस्सा सोडायचा असेल तर त्यांनी तो नोंदणीकृत हक्कसोडपत्राने सोडावा.

भरपाईचा आकडा मान्य नसेल तर पुढची पायरी जिल्हा न्यायाधीशांची, आणि या कायद्याखाली त्यांचा निर्णय अंतिम मानला जातो. तेथे भावाचा वाद पुराव्यावर चालतो. शेजारच्या गटाची अलीकडची नोंदणीकृत खरेदीखते दुय्यम निबंधक कार्यालयातून नकला काढून ठेवावीत. रक्कम कमी दाखवून केलेली खरेदी येथे उलटते, कारण वाचविलेल्या मुद्रांक शुल्कापेक्षा कितीतरी जास्त भरपाईत जाते. पाइप टाकण्याआधी जागेचा पंचनामा होतो, त्यात झाडे, शेड, बोअर, कुंपण यांची मोजणी नीट लिहिली गेली की नाही हे वाचल्याशिवाय सही करू नये. हरकतीच्या अर्जाच्या दोन प्रती कराव्यात आणि आपल्या प्रतीवर आवक क्रमांक व तारखेचा शिक्का घेऊनच कार्यालयाबाहेर पडावे.