हायब्रिड गाडीसाठी जंप स्टार्टर: मोठा नको, नीट हवा

या आठवड्याच्या एपिसोडचा हा लिखित अवतार. ज्यांना हेडफोन लावायचा कंटाळा आलाय किंवा खरेदी करताना पटकन मुद्दे बघायचेत, त्यांच्यासाठी. बोलताना जसं बोललो तसंच बरंचसं ठेवलंय.

विषय आपल्या शहराच्या जवळचा आहे. ३१ जुलै २०२४ ला टोयोटा किर्लोस्करने राज्य सरकारबरोबर करार केला, छत्रपती संभाजीनगरमध्ये हायब्रिड आणि इलेक्ट्रिक गाड्यांचा कारखाना उभारण्यासाठी. कारखान्याचं काय व्हायचं ते होईल, पण जालना रोडवर हायब्रिड गाड्या आजच भरपूर दिसतात. आणि त्यातल्या अनेकांच्या मालकांना एक गोष्ट माहीत नसते: एवढ्या महागड्या, एवढ्या मोठ्या बॅटरीच्या गाडीलाही एक छोटीशी बारा व्होल्टची बॅटरी बंद पाडू शकते. आणि ही गाडी धक्का मारून सुरू होत नाही. चार मित्र जमवले तरी नाही.

मोठी बॅटरी असताना गाडी बंद कशी पडते?

हायब्रिडमध्ये दोन बॅटऱ्या असतात. एक मोठी, दीडशे-दोनशे व्होल्टची, जी गाडी चालवायला मदत करते. दुसरी साधी बारा व्होल्टची, जी कुलूप, दिवे, स्क्रीन आणि गाडीचे कॉम्प्युटर चालवते. गाडी बंद असताना मोठी बॅटरी सुरक्षेसाठी रिलेने पूर्ण तोडलेली असते. तो रिले जोडायचा हुकूम देतो कॉम्प्युटर, आणि कॉम्प्युटर जागा होतो बारा व्होल्टवर. म्हणजे टाकी पाण्याने भरलेली आहे, पण नळ उघडणारा माणूसच झोपलाय. गाडी ठप्प.

ही छोटी बॅटरी उतरते कशाने? गाडी तीन-चार आठवडे उभी राहिली, डॅशकॅम चालू राहिला, डिकीचा दिवा लागलेला राहिला. आपल्याकडचा उन्हाळाही कारण आहे, कारण उष्णतेने लेड-ॲसिड बॅटरीचं आयुष्य कमी होतं. आणि एक कारण खास तुमच्यासाठी: गाडी एसीसी मोडवर ठेवून पॉडकास्ट ऐकणं. हायब्रिडमध्ये छोटी बॅटरी चार्ज होते ती फक्त गाडी 'रेडी' असताना. एसीसीवर ती नुसती उतरत जाते. आत्ता असंच ऐकत बसला असाल, तर ब्रेक दाबून गाडी रेडी करा, मग पुढचं ऐका.

आधी तुमची हायब्रिड कोणती ते बघा

इथेच खरेदीतली सगळ्यात मोठी गफलत होते. अर्टिगा किंवा एक्सएल६ सारख्या 'स्मार्ट हायब्रिड' गाड्या म्हणजे माइल्ड हायब्रिड. सकाळी पहिल्यांदा इंजिन फिरवायला तिथे साधा स्टार्टरच लागतो, म्हणून त्यांना नेहमीच्या पेट्रोल गाडीला लागतो तेवढ्या ताकदीचा जंप स्टार्टर हवा.

इनोव्हा हायक्रॉस हायब्रिड, होंडा सिटी ई:एचईव्ही या स्ट्राँग हायब्रिड. यांच्यात इंजिन फिरवायचं काम मोठ्या बॅटरीवरची मोटर करते. बारा व्होल्टला फक्त कॉम्प्युटर जागे करायचे आणि रिले ओढायचा. इंजिन फिरवायला काही शे अँपिअर लागतात, त्या मानाने हे काम अगदी हलकं. ग्रँड विटारा आणि हायरायडर तर दोन्ही प्रकारांत मिळतात, म्हणून गाडीच्या नावावर जाऊ नका, व्हेरिएंट बघा.

थोडक्यात, गाडी स्ट्राँग हायब्रिड असेल तर खोक्यावरच्या '३००० अँपिअर पीक' या आकड्यासाठी जास्तीचे पैसे मोजू नका. पीक म्हणजे क्षणभराचा आकडा, आणि तुम्हाला त्याची गरजच नाही.

मग पैसे कशासाठी मोजायचे?

पहिलं, क्लॅम्प. लाल-काळा चुकून उलटा लागला तर वीज जाऊ न देणारं संरक्षण, म्हणजे रिव्हर्स पोलॅरिटी प्रोटेक्शन, हवंच. शॉर्ट सर्किटचं संरक्षणही हवं. साध्या गाडीत उलटं लावलं तर बऱ्याचदा फ्यूजवर निभावतं. हायब्रिडमध्ये मोठ्या बॅटरीतून बारा व्होल्ट बनवणारा कन्व्हर्टर आणि सगळे कॉम्प्युटर त्याच वायरिंगवर असतात. दोन-चार हजारांचं यंत्र वाचवायला जाऊन तिथे मोठं बिल येऊ शकतं.

दुसरं, 'बूस्ट' किंवा 'ओव्हरराइड' बटण. बॅटरी अगदीच मेली असेल तर स्मार्ट क्लॅम्पला समोर बॅटरी आहे हेच कळत नाही आणि तो वीज सोडत नाही. तेव्हा हे बटण लागतं. पण लक्षात ठेवा, अनेक यंत्रांत हे बटण दाबलं की वरचं संरक्षण बंद होतं. म्हणून दाबण्याआधी प्लस-मायनस दोनदा बघा.

तिसरं, क्षमता वॉट-अवरमध्ये बघा. खोक्यावर '२०,००० एमएएच' असतं, ते आतल्या ३.७ व्होल्टच्या सेलचं. २० अँपिअर-अवर गुणिले ३.७ म्हणजे ७४ वॉट-अवर. स्ट्राँग हायब्रिडसाठी १२,००० एमएएच, म्हणजे साधारण ४४ वॉट-अवर, आरामात पुरतं.

चौथं, फक्त बारा व्होल्टचं यंत्र घ्या. ट्रकसाठी १२/२४ असा स्विच असलेली यंत्रं मिळतात. तो स्विच चुकून २४ वर राहिला तर काय होईल ते सांगायला नको.

पाचवं, बीआयएसचा शिक्का. आपल्याकडे लिथियम सेल आणि पॉवर बँक यांना बीआयएस नोंदणी सक्तीची आहे. लेबलवर 'आर' ने सुरू होणारा नंबर असतो, तो फोनवरच्या 'बीआयएस केअर' ॲपमध्ये टाकून बघता येतो. दुकानात उभ्या-उभ्या होणारं काम आहे. आणि पक्कं बिल घ्या.

संभाजीनगरचा मे महिना

आता आपला खास प्रश्न. बाहेर पारा चाळिशीच्या वर, गाडी उन्हात, काचा बंद. तासाभरात आतलं तापमान साठीच्या घरात जाऊ शकतं, डॅशबोर्डवर तर त्याहून जास्त. बहुतेक लिथियम यंत्रांची साठवणुकीची मर्यादाही साठच्या आसपासच असते. म्हणजे जंप स्टार्टर वर्षभर गाडीत टाकून ठेवणं हा आपल्याकडे चांगला बेत नाही. सेल फुगतात, क्षमता जाते, आणि वाईटात वाईट म्हणजे आग लागू शकते.

लिथियम आयर्न फॉस्फेटची यंत्रं थोडी जड आणि महाग असतात, पण उष्णतेत जास्त शांत राहतात. बजेट असेल तर ती बघा. तरीही सोपा नियम असा: यंत्र घरी, बॅगेत. कन्नड घाटातून चाळीसगावला किंवा समृद्धीवरून नागपूरला निघताना सोबत घ्यायचं, पोचल्यावर खोलीत न्यायचं. दर दोन-तीन महिन्यांनी चार्ज करायचं. आणि मोबाईल चार्ज करून ते रिकामं करायचं नाही, कितीही मोह झाला तरी!

प्रवासात डिकीत मात्र ठेवू नका. बऱ्याच गाड्यांत डिकीचं कुलूप विजेवर चालतं. बॅटरी मेली की डिकी उघडत नाही, आणि औषध आत अडकतं. सीटखाली, सावलीत ठेवा. ड्रायव्हरचा दरवाजा उघडायला स्मार्ट किल्लीच्या आत एक साधी धातूची किल्ली लपलेली असते, ती कशी निघते ते आजच बघून घ्या.

वापरताना

छोटी बॅटरी कुठे आहे ते मॅन्युअलमध्ये बघा. टोयोटाच्या जुन्या प्रियससारख्या काही गाड्यांत ती मागे असते आणि जंपसाठी वेगळा टर्मिनल बॉनेटखाली दिलेला असतो. नारिंगी वायरींना हात लावायचा नाही. त्या जीवघेण्या व्होल्टेजच्या आहेत.

लाल क्लॅम्प प्लसला. काळा, मॅन्युअलमध्ये सांगितलेल्या धातूच्या भागाला. यंत्र चालू करा, ब्रेक दाबा, स्टार्ट बटण दाबा. इंजिनचा आवाज आला नाही तर घाबरू नका, हायब्रिड आहे ती! स्क्रीनवर 'रेडी' आलं की काम झालं. मग आधी काळा काढा, नंतर लाल. गाडी तासभर तरी रेडी ठेवा किंवा चालवा. दोन दिवसांनी पुन्हा तेच झालं तर जंप स्टार्टरला विश्रांती द्या आणि बॅटरी बदला.

आणि शेजारच्या काकांची डिझेल गाडी बंद पडली, तर तुमच्या हायब्रिडवरून केबल लावून देऊ नका. तिचा कन्व्हर्टर मोठ्या इंजिनला फिरवायला बनवलेला नाही. यंत्र डिझेलला चालेल एवढ्या ताकदीचं असेल तर ते खुशाल द्या, गाडी नको.

तर मंडळी, खरेदीला जायच्या आधी मॅन्युअल उघडा आणि तीन गोष्टी शोधा: माझी हायब्रिड माइल्ड की स्ट्राँग, छोटी बॅटरी कुठे, आणि जंपचे दोन टर्मिनल कोणते. त्या पानांचा फोटो काढून मोबाईलमध्ये ठेवा. रात्री घाटात नेटवर्क नसताना हा एपिसोड उघडणार नाही, पण फोटो उघडेल. भेटू पुढच्या आठवड्यात!